सतरावी फळी

बर्गनच्या उत्तरेला, ऑस्टेरय बेटावर,
हाल्वरच्या होडीघराची मागची भिंत
आता त्याची राहिलेली नाही.
तिच्यावर ओशिल्डच्या एकवीस फळ्या आहेत,
प्रत्येकीला पत्र्याचा आकडा,
प्रत्येकीला एकच काम: भिजणे.

रंग तिचा पाण्यातला.
डब्यात म्हणजे दूधच.
डोळ्यांना न दिसणारे मऊ गोळे,
एकमेकांना चिकटू नयेत म्हणून
प्रत्येकाच्या अंगावर साबणाची झूल.
ब्रश फिरला की पाणी उडून जातं,
गोळे जवळ येतात, दाटीवाटीत दबतात,
पोळ्यातल्या घरांसारखे कोन धरतात
आणि मग त्यांच्यामधल्या भिंतीच विरतात.
निदान विराव्यात.

पण साबण!
लग्न जुळवून दिलेला मध्यस्थ
पंगत उठली तरी ओसरीवरून हलत नाही.
वाळलेल्या पापुद्र्यात कोपरे धरून बसतो
आणि पहिल्या सरीला आतून कडी काढतो:
या, या, आपलंच घर आहे.
काळ्या फळीवर पांढुरकी छटा चढते.
वाळलं की जाते, भिजलं की येते.
त्यांच्या धंद्यात म्हणतात, फळी लाजली.

ओशिल्डच्या वहीत तीन वर्षं
लाजली, लाजली, लाजली.
चौदावीपुढे फक्त एक रेघ.

हाल्वर कॉफी आणतो, थर्मासच्या झाकणातून देतो.
"बाबा कॉड माशाच्या यकृताचं तेल घ्यायचे,
त्यात लाल माती कालवायचे.
दोन उन्हाळे वास जायचा नाही.
मांजरं भिंत चाटायची.
बाही घासली की लाल."
मग फळ्यांकडे बघत:
"पाण्यातच जन्मलेल्याला
पाण्याला नाही म्हणायला शिकवतेस.
कठीण आहे, पोरी."
पोरगी सत्तावन्न वर्षांची.

त्या हिवाळ्यात तिने साबणच बदलला.
एका टोकाला आकडी असलेला,
साखळी विणली जाताना तिच्यातच ओवला जाणारा.
मध्यस्थाला घरजावई करून टाकलं,
आता कडी काढेल तर स्वतःच्याच घराची.
आणि वर दुवे घातले:
डब्यात असेपर्यंत गप्प,
अमोनियाचा उग्र दर्प उडाला, पाणी गेलं
की शेजाऱ्याचा हात धरणारे
आणि न सोडणारे.

सतरावी फळी.
ऑक्टोबरभर पाऊस, नोव्हेंबरभर आडवा पाऊस,
मग पावसाला दुसरं नाव असावं असं काहीतरी.
थेंब फळीवर उभा राहायचा
पत्ता चुकलेल्या माणसासारखा,
जरा घुटमळायचा,
दार न ठोठावता खाली उतरायचा.
लाजली नाही. मार्चपर्यंत नाही.
ओशिल्डने वहीत काहीच लिहिलं नाही,
नुसतं पान दोनदा हाताने सपाट केलं.

मे महिन्यात सलग चार दिवस ऊन.
पाचव्या दिवशी हाल्वरचा फोन:
"तुझ्या सतराला पुटकुळी आलीय."

मसुरीएवढी. मग बोटभर खाली आणखी तीन.
तिने पात्याने टोक कापलं.
पाणी.
पावसाचं नव्हतं.
लाकडाच्या पोटातलं,
भिंतीपलीकडून हळूहळू झिरपलेलं,
ऊन लागताच बाहेर पडू पाहणारं
आणि दारावर तिचंच कुलूप.

"आत जाळी वाळत घातली होती मी," हाल्वर म्हणाला,
चोरी कबूल करावी तसा.
"ओली होती. सबंध हिवाळाभर."

ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली.
बाहेरून येणाऱ्याला अडवायचं
एवढंच तिला सांगितलं होतं कंपनीने,
एवढंच छापायचं होतं डब्यावर.
आतल्याचं कुणी विचारलं नव्हतं.

वहीत तिने लिहिलं:
सतरा. पाऊस आत नाही.
खाली, जरा थांबून:
दुवे कमी करून पाहणे. वाफेला वाट.

हाल्वरने फुटलेल्या पुटकुळीवर अंगठा दाबला,
ओला झालेला अंगठा विजारीला पुसला
आणि होडीघराचं दार उघडून
जाळी एकेक करून
बाहेर उन्हात ओढायला लागला.
दुसरं टोक तिने धरलं.